पाटीवरचा आकडा

भाट्याच्या पुलावर गाडीचा वेग वाढतो आणि बहुतेक चालकांना ते जाणवतही नाही. रत्नागिरी शहराची गर्दी मागे पडते, काजळीची खाडी दोन्ही अंगांनी उघडी होते, वारा लागतो, समुद्र दिसतो. आपण किती वेगात आहोत हे काट्यापेक्षा डोळ्यांच्या कडेने मागे सरकणारी झाडं, घरं, गडगे, माणसं सांगत असतात. पुलावर कठड्याखेरीज यातलं काहीच जवळ नसतं, म्हणून साठने जाणाऱ्यालाही आपण रमतगमत चाललोय असं वाटतं. मुंबई-गोवा महामार्गावरून तासन्‌तास ऐंशीने आलेल्या पाहुण्यांचं तर आणखी अवघड. डोळ्यांना त्या वेगाची सवय झाली की पन्नासही रांगल्यासारखे वाटतात. आणि पूल उतरतो तोच झरी विनायकाचं देऊळ, किनारा, सुरूचं बन. दर्शन घेऊन निघालेली कुटुंबं आणि वाळूतून पळत येणारी मुलं रस्ता ओलांडतात ती नेमकी इथेच.

रस्त्याची भूमिती आणि त्यावरचा वेग हा माझा अभ्यासाचा विषय. त्यामुळे एक प्रश्न मला सतत ऐकावा लागतो: रस्ता एवढा चांगला असताना चाळीसच्या वेगमर्यादेचा बोर्ड कुणी कशाला लावला? त्याचं उत्तर साध्या गणितात आहे.

पावसाळ्यातला ओला रस्ता धरा. २७ मीटरवर एक मूल अचानक रस्त्यात आलं. ते दिसणं, धोका उमगणं आणि पाय ब्रेकवर पोचणं, एवढ्याला सावध चालकाचाही एक सेकंद जातो. वेग ताशी ४० किलोमीटर असेल तर त्या सेकंदात गाडी ११ मीटर पुढे आलेली असते. ब्रेक लागल्यावर ओल्या डांबरावर ती साधारण १६ मीटर जाते आणि मुलाच्या पुढ्यात थांबते. आता तीच गाडी ६० ने आणा. पहिल्या सेकंदातच १७ मीटर संपले. उरले १०. करकचून ब्रेक दाबला तरी त्या दहा मीटरांत वेग किती उतरतो? साठावरून जेमतेम पन्नासावर. बहुतेकांचा अंदाज असतो दहा-वीसचा, कारण वेग दीडपट झाला की थांबायला लागणारं अंतरही दीडपट होईल असं आपण धरून चालतो. ब्रेक लागल्यानंतरचं अंतर मात्र वेगाच्या वर्गाने वाढतं, सव्वादोन पट होतं. पन्नासच्या वेगाने बसलेली धडक म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणं. त्यात मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

मी एक सेकंद धरला तो चालकाला झुकतं माप देऊन. रस्त्यांची मानकं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस रस्ता आखताना अडीच सेकंद धरते. त्या हिशेबाने ४० च्या वेगाला समोरचा ४५ मीटर आणि ६० च्या वेगाला ८० मीटर रस्ता स्वच्छ दिसायला हवा. एका बाजूला जांभ्याची दरड आणि दुसऱ्या बाजूला गडगा असलेल्या कोकणातल्या वळणावर ८० मीटर दिसतात कुठे? पाटीवरचा आकडा असा, जेवढं दिसतं त्यावरून येतो. केंद्र सरकारच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत अशा साध्या रस्त्यांवर मोटारीला ७० आणि दुचाकीला ६० ची कमाल मर्यादा आहे. पुष्कळ जण तो आपला हक्क समजतात. ती वरची हद्द आहे. वस्ती, शाळा, देऊळ, किनारा आला की त्याखालची मर्यादा ठरवायलाच हवी.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. सरकारी नोंदींनुसार त्यातल्या ७१ टक्के मृत्यूंमागे अतिवेग होता. हा आकडा मी खरा मानतो, पण अपुरा मानतो. ‘अतिवेग’ लिहिलं की चौकशी चालकापाशी संपते. त्या जागी रस्त्यानेच त्याला वेग घ्यायला लावलं का, हे कुणी विचारत नाही. सरळ, रुंद, गुळगुळीत डांबर साठ म्हणतं आणि कडेची पाटी चाळीस म्हणते, तेव्हा चालक डांबराचं ऐकतो. रस्ता आणि पाटी एकच बोलली पाहिजेत: पूल उतरताना रस्ता अरुंद दिसावा, देवळापाशी ओलांडायला उंचावलेला पट्टा असावा, रात्री नीट उजेड असावा. गतिरोधक घालायचाच तर प्रमाणात, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच. त्यावरून गाडी पंचविसाने विनाधक्का जाते. गावोगावी रातोरात उभे राहणारे अरुंद, उंच उंचवटे दुचाकीवाल्यांनाच पाडतात. त्यांच्यावर पांढरे पट्टेही नसतात.

किनाऱ्यालगतचा हा दीड किलोमीटर ६० ऐवजी ४० ने कापला तर ४५ सेकंद जास्त लागतात, एवढाच तोटा. माझं स्वतःचं मत विचाराल तर इथे ४० सुद्धा जास्तच आहे. माणसं आणि गाड्या जिथे एकत्र येतात तिथे मर्यादा ३० असावी, हे फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमच्या जागतिक रस्ते सुरक्षा परिषदेने जाहीर केलं आहे. भाट्याच्या किनाऱ्याला ते पुरेपूर लागू पडतं. दिवाळीच्या सुट्टीत पावस-गणेशगुळ्याकडे निघाला असाल तर बोर्ड दिसो वा न दिसो, पूल संपायच्या आत एकदा काट्याकडे पाहा आणि वेग तिसावर आणा.