मॅन्टल, ४० ग्रे

३ जून, पुणे
पित्ताशयात खडे. सर्जनना दुर्बिणीचं ऑपरेशन किरकोळ वाटतंय. भूलतज्ज्ञ मॅडमनी मात्र पेन खाली ठेवला. "हॉजकिन्स? कधी? काय काय दिलं होतं?"
१९९६, वय २२. एबीव्हीडी केमोचे सहा कोर्स, मग मान-काखा-छातीला रेडिएशन. त्यातलं 'बी' म्हणजे ब्लिओमायसिन. ते घेतलेल्याला भूल देताना ऑक्सिजन गरजेपुरताच ठेवतात, जास्त झाला तर फुप्फुसांना धोका. इतक्या वर्षांनीही? "तुमच्यावर प्रयोग कशाला करू?" बाई आवडल्या.

४ जून
जुन्या हॉस्पिटलला फोन केला. एवढ्या जुन्या फायली ठेवत नाहीत म्हणे. बरं. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स माझ्यापाशी आहे. शाई उडालीय, पण वाचता येतं: मॅन्टल (तेच मान-काखा-छातीचं रेडिएशन), ४० ग्रे. डॉक्सोरुबिसिन चौरस मीटरमागे २५ मिलिग्रॅम, १२ डोस, एकूण ३००. तेच ते लाल औषध. लघवीही लाल व्हायची नि आई धास्तावायची. हृदयाला सोसेल असा त्याचा कोटा जन्मभरासाठी एकच असतो, पुन्हा द्यायची वेळ आली तर हे ३०० आधी वजा.
पण एबीव्हीडी आणणाऱ्या मिलानच्या डॉ. बोनाडोनांचे उपकारही मानते. त्याआधीच्या मॉप या केमोने अनेकांना मूलबाळ होत नसे. माझा पोरगा आता इंजिनिअरिंगला आहे.

७ जून
इको. पंपिंग ठीक, झडप जराशी गळते. रेडिएशनची देणगी. मानेचे स्नायूही त्यानेच वाळले. शिंपीणबाई दर ब्लाउजला विचारतात, "ताई, डाएट करता का?"

१० जून
मॅमोग्राफी झाली, एमआरआय उद्या. वहिनी म्हणाल्या, "बरा झाला ना गं कॅन्सर? मग अजून कसल्या तपासण्या?" पाच वर्षं पार पडली तेव्हा पेढे वाटले सगळ्यांनी. लहान वयात छातीला किरण घेतलेल्या बाईने आठ वर्षांनंतर, पण पंचविशीच्या आत नाही, दरवर्षी स्तन तपासून घ्यायचे असतात, हे मात्र चाळिशी जवळ आल्यावर एका नव्या डॉक्टरांकडून कळलं. थायरॉइडचंही तसंच. गोळी सुरू होईपर्यंत माझा आळस घरात प्रसिद्ध होता.

१३ जून
ऑपरेशन झालं. पोट दुखतंय, बाकी काही नाही.

१६ जून
शेजारचा मुलगा आईबरोबर भेटायला आला. त्यालाही हॉजकिन्सच. दुसऱ्या कोर्सनंतरचा पेट स्कॅन स्वच्छ, म्हणून ब्लिओमायसिन गाळलं, रेडिएशन नाहीच. हेवा वाटला, खरं सांगते. आई म्हणाली, "म्हणजे पुढे कसली कटकट नाही ना?" म्हटलं, डॉक्सोरुबिसिन किती गेलं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि इको कधी कधी करायची तेही.