दिवाळसणाचं कार्ड

आक्काचं लग्न मार्गशीर्षात झालं आणि महिनाभरात, 18 जानेवारी 1982 ला, मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले, त्यातले एक आमचे अण्णा. पावसाळ्याच्या तोंडाला ते वळकटी घेऊन माणात, गावी आले आणि रोजगार हमीच्या कामावर खडी फोडू लागले.

लेकीची पहिली दिवाळी म्हणजे दिवाळसण. जावयाला बोलवायचं, पाटावर बसवायचं, कपडे करायचे, जमलं तर अंगठी. अंगठीपायी ताटावर रुसून बसलेले जावई मी पाहिलेत. दसरा झाला तरी अण्णा पत्र लिहायला बसेनात. शेवटी आईच म्हणाली, "बोलवायचं जमत न्हाय, पर गप बसून कसं चालंल? कार्ड धाडू."

तालुक्याच्या बाजारात छापील कार्डं होती. आईनं ती नुसती बघितली.

तिला फुलं येत होती. बेंदराला अर्ध्या गावची बैलं तिनं केलेली कागदी फुलं बाशिंगाला लावून मिरवत. पतंगी कागदाची चार बोटं रुंद पट्टी घ्यायची, लांबीत दुमडायची, दुमडीकडनं कात्रीनं बारीक झालर कापायची, मग खराट्याच्या काडीवर गुंडाळून बुडाला दोऱ्यानं आवळायची. फुंकर मारली की झेंडू फुलायचा.

पण बैलाचं फूल पाकिटात जात नाही. पोस्टात शिक्का दणकून मारतात, त्याखाली त्याचा भुगा झाला असता. दोन रात्री आई चिमणीपुढं खटपट करत बसली. मग तिनं केशरी पट्टीला पंख्यासारख्या चुण्या घातल्या, एक टोक कार्डाच्या डाव्या पानाला, दुसरं उजव्या पानाला चिकटवलं. मिटलं की सपाट, उघडलं की अर्धा झेंडू पसरायचा. कार्ड म्हणजे आक्काच्याच लग्नाची उरलेली पत्रिका, कोरी बाजू आत करून दुमडलेली. खळ चिंचोक्याची. ती जास्त लागली तर पतंगी कागदाचा रंग सुटतो, म्हणून काडीच्या टोकानं नुसते ठिपके.

पाकीट उघडं ठेवलं की बुकपोस्टानं कमी तिकिटात जायचं. पण मग आत पत्र चालत नसे, शुभेच्छेचे दोन-चार शब्द तेवढे. अण्णांना ते बरंच पडलं. मी पाचवीत, अक्षर माझं. 'शुभ दीपावली. आई-अण्णा.' येऊ नका, जमत नाही, संप मिटला की बोलावतो, यातलं काही लिहावं लागलं नाही.

तिकडं काय झालं ते आक्कानं पुष्कळ वर्षांनी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "कागदावर दिवाळसण भागवला!" मामंजी म्हणाले, "गिरणीवाल्याचं घर हाय, समजून घ्या." दाजी काही बोलले नाहीत. पण कार्ड चार-पाच वेळा उघडून मिटून बघत होते, हे सांगताना आक्का हसली.

अण्णांना गिरणीनं परत घेतलं नाही. दिवाळसण झाला तो तीन वर्षांनी. दाजींना टॉवेल-टोपी आणि शर्टाचं कापड. त्या साली पावसानं दगा दिलेला, झेंडू आलाच नव्हता. आईनं पाटाच्या चारी कोपऱ्यांना कागदाचे ठेवले. आक्काची पोर तुरुतुरु चालत आली, त्यातला एक तिनं तोंडात घातला आणि तिचे ओठ केशरी झाले.