टेंभी नाक्यावरची यादी

ठाणें स्टेशनाच्या पश्चिमेस उतरून बाजारपेठेंतून चालूं लागलें कीं पंधरा मिनिटांत टेंभी नाका येतो. नवरात्रांत येथें कै. आनंद दिघे यांनीं सुरू केलेल्या देवीच्या उत्सवांत पाय ठेवावयास जागा नसते. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशीं हंडीखालीं सारा रस्ता माणसांनीं फुलून जातो. आम्ही गेलों तें मात्र आषाढांतल्या एका ओल्या सकाळीं, आणि तेंहि एका यादीच्या निमित्तानें.

आमच्या एका जुन्या स्नेह्यांची कन्या यंदां बारावी झाली. सी. ई. टी.चा निकाल चांगला लागला. आतां इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशासाठीं पसंतिक्रम भरावयाचा होता. पहिल्या फेरींत पहिल्या पसंतीची जागा मिळाली कीं ती घ्यावीच लागते. पुढच्या फेऱ्यांचें दार बंद. तेव्हां यादीच्या शिरोभागीं कोणतें नांव असावें, यावरून त्या घरांत आठ दिवस जेवणें थंड होत होतीं. वडिलांचें म्हणणें, शाखा संगणकाची हवी, मग महाविद्यालय कोणतेंहि असो. मुलीला स्थापत्य हवें होतें, तें माटुंग्याच्या व्ही. जे. टी. आय.मध्यें. आजींचें म्हणणें, मुलीच्या जातीनें उन्हातान्हांत सिमेंटच्या ढिगावर उभें राहूं नये. आम्हांस पंच म्हणून बोलाविलें होतें, आणि खरें सांगावयाचें तर आमचा कौल वडिलांकडे होता.

मुलीनें वाद घातला नाहीं. ती आम्हांस गच्चीवर घेऊन गेली. जुनें सिव्हिल हॉस्पिटल पाडून त्या जागीं मोठें नवें रुग्णालय बांधावयास घेतलें आहे. "काका, अभ्यास करतांना मी रोज हेंच बघत होतें," एवढेंच ती म्हणाली.

तसें पाहिलें तर या विद्येशीं ठाण्याचें नातें जुनें आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यासच आली, आणि खाडीवर पूल बांधून १ मे १८५४ रोजीं ती कल्याणास पोंचली. त्याच १८५४ सालीं पुण्यांत बांधकाम खात्यासाठीं माणसें तयार करणारी शाळा निघाली. तीच पुढें सी. ओ. ई. पी. झाली व २०२२ पासून तिला विद्यापीठाचा दर्जा आहे. १९८३ सालीं वसंतदादा पाटलांच्या सरकारनें खासगी संस्थांस वाट मोकळी केली. तोंवर महाविद्यालयें थोडीं आणि निवडहि सोपी होती.

आम्ही त्याच दिवशीं एक नवें महाविद्यालय पाहिलें. त्याचें नांव येथें सांगत नाहीं. काचेचा दरवाजा, गार हवा, रंगीत माहितीपत्रक. संगणकाच्याच चार शाखा, चार वेगळाल्या नांवांच्या. २०२४-२५ पासून जागांवरील कमाल मर्यादा उठल्यानें अशा तुकड्या वाढल्या आहेत. शिकविणारे कोण, असें वडिलांनीं विचारलें, तर उत्तरादाखल दुसरें माहितीपत्रक मिळालें. पालकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं नॅकची श्रेणी सबंध संस्थेस असते, एन. बी. ए.ची मान्यता त्या त्या अभ्यासक्रमास. महाविद्यालयाच्या दारावरील फलकावरून आपल्या शाखेचें कांहीं कळत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं धीम्या गाडीनें माटुंगा. व्ही. जे. टी. आय. १८८७ सालीं भायखळ्यास निघालें, १९२३ सालीं येथें आलें. १९९७ सालीं राणीचें नांव जाऊन वीरमाता जिजाबाईंचें आलें, तरी आद्याक्षरें तींच राहिलीं, हें आम्हांस मोठें सोयीचें वाटलें! एका ओळखीच्या विद्यार्थ्यानें प्रयोगशाळा दाखविली. दीडशें मिलिमीटरचा काँक्रीटचा ठोकळा, अठ्ठावीस दिवस पाण्यांत मुरविलेला, यंत्राच्या दाबाखालीं ठेवला होता. कांटा सावकाश चढत गेला आणि एकाएकीं ठोकळा फुटला. आम्ही दचकलों. मुलगी मात्र वांकून भेगा कोठून कोठें गेल्या तें पाहत होती, आणि वडील ठोकळ्याकडे न पाहतां तिच्याकडे पाहत होते.

परततांना गाडींत ते म्हणाले, "घराचें कर्ज अजून फिटलें नाहीं. स्थापत्याला आरंभीं पगार कमी." हें खरेंच आहे. त्याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आजहि नाहीं. मुलगी म्हणाली, "बाबा, चार वर्षांनीं मी हप्ता वाटून घेईन. पण तो मला येणाऱ्या कामांतून."

रात्रीं यादी भरली. वडिलांनीं एकेक नांव मोठ्यानें वाचलें, पहिलें दोनदां वाचलें, आणि संगणकाची शाखा चौथ्या क्रमांकावर राहूं द्यावी एवढी विनंती केली. ती मान्य झाली. बटण मुलीनें दाबलें.

आजी देवघरांतून म्हणाल्या, "उन्हांत डोक्याला टोपी तरी देतात ना ग?"

"हेल्मेट देतात, आजी. पिवळें."