मैल आणि मैला

क्रूझच्या जाहिरातीत सगळं असतं. पोहायचा तलाव असतो, नाचगाणं असतं, दिवसातून पाच वेळा खाणं असतं, सूर्यास्त तर फुकटच असतो. पण दोन-तीन हजार माणसांनी पाच-पाच वेळा खाल्ल्यावर पुढे काय, हे काही जाहिरातीत नसतं. मी पडलो कॉमर्सचा माणूस. जमेची बाजू एवढी भरगच्च दिसली की नावेची बाजू पाहिल्याशिवाय मला झोप लागत नाही.

2021 च्या सप्टेंबरात मुंबई-गोवा क्रूझ सुरू झाली आणि आमचे साडू लगेच जाऊन आले. आल्यावर त्यांनी मला दोनशे चाळीस फोटो दाखवले. मी मूळ मुद्दा काढला तेव्हा म्हणाले, "तुम्ही बँकवाले, तुम्हाला चांगलं काही बघवतच नाही." आमची ही म्हणाली, "जेवताना काय हे विषय!" म्हणजे मराठी मध्यमवर्गात या प्रश्नाला उत्तर मिळण्याची सोयच नाही.

सुदैवानं माझा भाचा एका परदेशी क्रूझवर फोर्थ इंजिनियर आहे. त्याच्या शिक्षणाच्या कर्जाला मी जामीन आहे, त्यामुळे माझ्या कुठल्याही प्रश्नाला तो नम्रपणे उत्तर देतो. सुट्टीवर डहाणूला आला तेव्हा मी त्याला धरला.

"मामा, बोटीवरचे संडास हवेच्या ओढीवर चालतात," तो म्हणाला. एका वेळेला लागतं जेमतेम लिटर-सव्वा लिटर पाणी. आपल्या घरच्या जुन्या टाकीला दहा लागतात. बटण दाबलं की असा काही आवाज होतो म्हणे, की नवखा प्रवासी आपणही आत ओढले जाऊ या भीतीनं दाराची कडी पकडून उभा राहतो.

बँकेत पैसा काळा आणि पांढरा असतो, तसं बोटीवर पाणी काळं आणि करडं असतं. संडासातलं ते काळं. न्हाणीघर, बेसिन आणि धुलाईचं ते करडं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या 2008 च्या अहवालात क्रूझवर माणशी रोजी सुमारे 32 लिटर काळं आणि अडीचशे लिटर करडं पाणी धरलं आहे. तीन हजार माणसांचा गुणाकार मी तोंडी केला. काळं 96 हजार, करडं साडेसात लाख लिटर. रोज. नव्या बोटींवर हे पाणी जंतूंना खायला घालतात, मग बारीक पडद्यांतून गाळतात आणि अतिनील किरणांखालून नेतात. भाचा म्हणाला, "शेवटी ते पिण्याच्या पाण्यासारखं दिसतं, मामा." "दिसतं" या शब्दावर मी विश्वास ठेवत नाही. ताळेबंदही छान दिसतो.

याचा कायदा म्हणजे मार्पोल नावाचा करार. तो झाला लंडनला, 1973 साली. त्यातलं मैलापाण्याचं प्रकरण अमलात आलं 2003 मध्ये. तीस वर्षं! आमच्या हेड ऑफिसबद्दलचं माझं मत त्या दिवसापासून बरंच सुधारलं. नियम असा, की वाटून, जंतुनाशक घातलेला मैला किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपलीकडे सोडावा, आणि कच्चा असेल तर बारा मैलांपलीकडे. तोही एकदम नव्हे, हळूहळू, आणि बोट निदान चार नॉट वेगानं चालत असताना. पूर्वी रेल्वेच्या डब्यात पाटी असायची, गाडी स्टेशनात उभी असताना वापरू नये. तीच पाटी आता समुद्राला लावली आहे. बारा सागरी मैल म्हणजे बावीस किलोमीटर. मी रोज डहाणूहून तलासरीच्या शाखेत जातो, ते रस्त्याचं अंतर याहून जास्त भरतं.

आणि त्या साडेसात लाख लिटर करड्या पाण्याबद्दल? मार्पोलमध्ये अक्षर नाही. अलास्कासारख्यांनी आपापले नियम केले, तेवढंच.

पण माझं मन खरं जिंकलं ते कचऱ्याच्या वहीनं. हो, बोटीवर कचऱ्याची वही असते! काय टाकलं, किती घनमीटर, कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठल्या अक्षांश-रेखांशावर. खाली अधिकाऱ्याची सही, पान भरलं की कप्तानाची. वही दोन वर्षं जपून ठेवायची. उष्टं-खरकटं किनाऱ्याजवळ टाकायचं तर 25 मिलिमीटरच्या चाळणीतून जाईल इतकं बारीक करायचं, तरीही तीन मैल दूर. डबे दाबून आणि काचा फोडून बंदरात उतरवायच्या. प्लास्टिक कुठंही, कधीही टाकायचं नाही.

आता आमच्या सोसायटीचं बघा. सेप्टिक टँक भरला की टँकर येतो. पावतीवर लिहिलेलं असतं, "काम केले". मी टँकरवाल्याला विचारलं, "बाबा रे, हे नेऊन टाकतोस कुठं?" त्यानं हात वर करून साधारण पश्चिम दिशा दाखवली. पश्चिमेला आमच्याकडे चिकूच्या वाड्या, मग खाडी, मग अरबी समुद्र. अक्षांश नाही, रेखांश नाही, सही नाही. अंतर मात्र बारा मैलांहून नक्की कमी! आणि आमचा तालुका 1991 पासून केंद्र सरकारच्या कागदावर पर्यावरणदृष्ट्या नाजूक आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये वाढवणच्या बंदराचा पायाही घातला गेला. म्हणजे मोठ्या बोटी दारात येणार. त्यांची वही कोण तपासणार, हे इथले कोळी विचारतात. माझ्या ताटातले बोंबील त्यांच्याच जाळ्यातले, तेव्हा या प्रश्नात मी काही निःपक्षपाती नाही.

कारण वहीसुद्धा खोटी लिहिता येते. हे बँकेतल्या माणसाला कुणी सांगायला नको. कॅरिबियन प्रिन्सेस नावाच्या क्रूझवर तेलकट पाणी यंत्रातून न गाळता परस्पर समुद्रात सोडायला एक चोरपाईप बसवलेला होता. त्याला नावही काय, तर जादूचा पाईप! तेलाच्या वहीत मात्र सगळं चोख. 2013 च्या ऑगस्टमध्ये, इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ, नुकत्याच लागलेल्या एका इंजिनियर पोरानं तो पाहिला, बंदरात नोकरी सोडून उतरला आणि सरकारला कळवून मोकळा झाला. वरच्यांनी पाईप काढून टाकला, हाताखालच्यांना खोटं बोलायला सांगितलं. 2016 साली कंपनीनं गुन्हा कबूल केला; चार कोटी डॉलर दंड.

हे ऐकून घास माझ्या हातातच राहिला. नुकताच लागलेला इंजिनियर! मी विचारलं, "आणि तुझ्या बोटीवर असा पाईप निघाला तर?"

भाच्यानं बोंबलाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. "मामा, माझे हप्ते किती राहिलेत?"

"सव्वीस," मी म्हणालो. पाठच आहेत.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तुम्ही तयारी ठेवा."

त्याच्या मामीनं काही न बोलता त्याच्या ताटात आणखी दोन बोंबील वाढले. माझ्या ताटात एकच.