नागपूर ते संभाजीनगर : विमानाचा तास आणि घरचा हिशेब

विदर्भ आणि मराठवाडा हे सख्खे शेजारी. दोन्हीकडे आपले सोयरे आहेत, कुणाची मुले शिकायला आहेत, कुणाची बदली झाली आहे. तरी नागपूरहून छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला जायचे ठरले की घरात पहिला प्रश्न निघतो, "जायचे कशाने?" आता त्यात विमानाचेही नाव घेतले जाते. "तासाभराचे तर काम," असे लोक सांगतात. वाचकहो, हा तास जरा मोजून पाहू.

सोनेगावचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि जालना रस्त्यावरचा चिकलठाणा विमानतळ यांच्यात सरळ रेषेत सुमारे ४०४ किलोमीटर अंतर आहे. वैमानिक ते सागरी मैलात मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणून हे अंतर २१८ सागरी मैल भरते. नकाशावर दोरा ताणला तर तो पुलगाव, कारंजा, मेहकर यांच्या आसपासून जातो. लोणारचे सरोवर थोडे दक्षिणेला राहते.

आगगाडीला मात्र ही सरळ वाट नाही. भुसावळवरून मनमाडला वळसा घातला तर प्रवास सुमारे ६९० किलोमीटरचा होतो. दुसरी वाट अकोला, हिंगोली, पूर्णा, परभणी अशी फिरून येते. मधला तुकडा जोडण्यासाठी जालना-खामगाव लोहमार्गाची मागणी फार जुनी आहे. दीक्षाभूमीला येणाऱ्या मराठवाड्यातल्या माणसांना हा वळसा चांगलाच ठाऊक आहे.

आता वेळ पाहू. पंख्याचे लहान एटीआर विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने उडते. त्या हिशेबाने ४०४ किलोमीटरला पन्नास मिनिटेही लागू नयेत. पण धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली उतरणे यांत वेग कमी असतो. म्हणून वेळापत्रकात सव्वा तासाच्या आसपास धरावे लागते. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे नागपूरकडे येताना काही मिनिटे वाचतात आणि जाताना तेवढीच जास्त लागतात.

त्यात जमिनीवरची वेळ मिळवा. घरापासून सोनेगाव पाऊण तास, तपासणीसाठी दीड-दोन तास आधी हजेरी, उतरल्यावर सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास, पुढे शहरात जायला अर्धा तास. एकूण साडेचार ते पाच तास झाले! शिवाय हे थेट विमान असेल तरच. मुंबईवरून जावे लागले तर नुसते आकाशातले अंतरच साडेनऊशे किलोमीटरच्या वर जाते आणि अर्धा दिवस मोडतो.

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. संभाजीनगर त्याच टप्प्यात येते. मोटारीने साधारण पाच-सहा तास पुरतात. म्हणजे विमानाने वाचला तो फार तर एक तास. मोटारीचे भाडे चौघांत वाटले जाते, विमानाचे तिकीट मात्र प्रत्येकाला वेगळे. दुचाकीला या मार्गावर मनाई आहे. आणि १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ बसला आग लागून २५ प्रवासी गेले, हे विसरून चालणार नाही. रात्रीच्या प्रवासात चालकाला घाई करायला लावू नये.

मग विमान आपल्यासाठी नाहीच काय? तसे नाही. रस्त्याचे हादरे न सोसणारा रुग्ण असेल, सकाळी मुलाखत आणि रात्री घरी परतायचे असेल, तर थेट विमानाचे पैसे जरूर मोजावेत. एक दिवसाचा खाडा वाचला तर तोही जमेच्या बाजूला लिहावा. एरवी लग्नाला, बारशाला सारे घर निघाले असेल तर रेल्वे किंवा बस बरी. तिकीट काढण्याआधी कागद घ्या आणि घरच्या दारापासून पाहुण्यांच्या दारापर्यंतची वेळ मांडा. जाहिरातीतला तास तेवढ्याने आपोआप खरा किती ते कळते.