सॉसमध्ये वाइन आहे का?

भाच्याने मुंबईतल्या पंचतारांकित हॉटेलात फ्रेंच जेवायला नेलं. 'कोक ओ व्हँ' म्हणजे वाइनमध्ये शिजवलेला कोंबडा. तिथे नावातच उत्तर. पण फ्रेंच सॉसमध्येही वाइन सर्रास पडते आणि शिजवून ती पूर्ण उडत नाही.

"मामू, इथं असं विचारत नाहीत," भाचा कुजबुजला. मी विचारलंच.

वेटर मराठीत म्हणाला, "महाडकडचे का, चाचा? मी पोलादपूरचा." आत जाऊन आला. 'बुयाबेस', म्हणजे मार्सेच्या कोळ्यांचं न खपलेल्या मासळीचं कालवण, वाइनशिवाय करून मिळालं.

आमच्या महाडात पाहुण्याला काय चालत नाही, हे विचारूनच चूल पेटते. मग महागड्या टेबलावर पाहुण्याने ते सांगायला का लाजावं?