जोहोरचं पाणी

सिंगापूरच्या वूडलँड्सहून कॉजवे ओलांडून मलेशियातल्या जोहोर बाहरूला जाताना कडेला जाडजूड जलवाहिन्या दिसतात. शनिवारच्या बसमधली गर्दी खरेदीच्या गप्पांत असते, तिकडे कुणाचं लक्ष नसतं. पण सिंगापूरचं राजकारण मला आधी समजलं ते या जलवाहिन्यांमुळे.

३१ जानेवारी १९४२ला माघार घेणाऱ्या ब्रिटिशांनी कॉजवेला सुरुंग लावला आणि जोहोरहून येणारं पाणीही तुटलं. पंधरवड्यात बेटावरचे जलाशय जपान्यांच्या हाती गेले. १५ फेब्रुवारीच्या शरणागतीमागे पाणी संपत आल्याचं कारण मोठं होतं.

पुढे जोहोरशी १९६२चा करार झाला: २०६१पर्यंत रोज २५ कोटी गॅलन कच्चं पाणी, हजार गॅलनला ३ सेन. १९६५मध्ये मलेशियापासून विभक्त होताना या कराराची हमी लिहून घेतली गेली. तरी सिंगापूर ऐकेना तर पाणी तोडण्याची धमकी देता येईल, असं मलेशियाचे पंतप्रधान टुंकू अब्दुल रहमान तेव्हा बोलले होते, अशी नोंद सिंगापूरचे तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांच्या आठवणींत आहे. ३ सेन हा भाव आज फारच कमी आहे, ही मलेशियाची तक्रार मला रास्त वाटते. पण करार एकतर्फी बदलू लागले तर छोट्या देशाने कशाच्या भरवशावर जगायचं?

या धास्तीतून इथल्या राज्यकर्त्यांनी जे उभं केलं, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. १९७७पासून दहा वर्षं खपून सिंगापूर नदी साफ केली. १९९१मध्ये पाणीबचत कर आला. तो आजही दर महिन्याच्या बिलात वेगळा छापलेला असतो. २००३पासून सांडपाणी शुद्ध करून ‘न्यूवॉटर’ पुरवलं जातं. त्यातलं बरंचसं चिप बनवणाऱ्या कारखान्यांना जातं, कोरड्या दिवसांत थोडं जलाशयांतही सोडतात. २०१७मध्ये पाणीपट्टी ३० टक्क्यांनी वाढवायचं ठरलं तेव्हा लोक चिडले, हाँग लिम पार्कात निदर्शनं झाली. दरवाढ मात्र टळली नाही.

गावाकडून येणारे पाहुणे मरीना बेच्या काठावर फोटो काढतात. समोरचं पाणी समुद्राचं नाही. २००८मध्ये मुखाशी बंधारा घातला गेला, आता तो पिण्याच्या पाण्याचा जलाशय आहे आणि बेटाच्या सहाव्या हिश्शाचं पावसाचं पाणी शहरातल्या गटारांतून वाहत त्यात येतं. म्हणून ती गटारं स्वच्छ ठेवावीच लागतात. मुळा-मुठेकाठच्या मंडळींनी इथे आल्यावर त्या बंधाऱ्यावर एक संध्याकाळ जरूर काढावी, आणि परत गेल्यावर आपल्या नगरसेवकाला नदीबद्दल जाब विचारावा.